न दिसणाऱ्याचा चेहरा

मी बी.ए. मराठीचा माणूस. शास्त्र विषयाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर सुटला आणि त्याचे दोन्ही बाजूंना फारसे दुःख झाले नाही. तरी आज मी विषाणूच्या छायाचित्रांविषयी बोलणार आहे. त्याला कारण घरचेच आहे.

१९९७ साली माझ्या खालाचा, म्हणजे मावशीचा, थोरला मुलगा एड्सने गेला. ट्रकवर होता. आम्ही सगळे त्याला भाई म्हणायचो. मय्यतीला गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ घालायची, तर वस्तीतले कोणी पुढे येईना. शेवटी मामूंनी आणि मी ती घातली, हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून. आज सांगायला लाज वाटते, पण माझे हात थरथरत होते. एस.टी. स्टँडच्या भिंतीवर एक लाल कवटी रंगवलेली होती. त्या रोगाचा तेवढाच चेहरा आम्हाला ठाऊक होता.

पुढे दोन-तीन वर्षांनी वाचनालयात जुने मासिक चाळताना मी एचआयव्हीचे खरे छायाचित्र पाहिले. कवटी नाही, सुळे नाहीत. काळेपांढरे, धुरकट चित्र. पेशीची कड दिसते आणि पिठले रटरटताना बुडबुडा वर यावा तसे त्या कडेतून काही गोल वर आलेले. ते पान उघडे ठेवून मी बराच वेळ बसलो. माझे वाचन तिथून सुरू झाले. समजले ते कवीच्या बुद्धीने समजले, हे आधीच सांगून ठेवतो.

आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या असतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एचआयव्हीचा कण सव्वाशे नॅनोमीटरच्या आसपास. एका मिलिमीटरच्या रेघेवर असे आठ हजार कण ओळीने बसतील. दाभणाने मलमलीवर भरतकाम होत नाही, तसे प्रकाशाने इतके बारीक पाहता येत नाही, भिंग कितीही चांगले असो. १९३१ साली बर्लिनमध्ये माक्स क्नोल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत वापरला आणि काचेच्या भिंगाऐवजी चुंबकीय वेटोळी. रुस्का यांचा भाऊ हेल्मुट डॉक्टर होता, त्याने हे यंत्र जीवशास्त्राकडे ओढले. १९३९ साली तंबाखूच्या पानावरच्या विषाणूचे चित्र निघाले. अर्न्स्ट रुस्का यांना नोबेल मिळाले १९८६ मध्ये, पंचावन्न वर्षांनी.

या यंत्रात हवा चालत नाही, पूर्ण निर्वात लागते. म्हणजे ओली, जिवंत वस्तू आत ठेवायची सोय नाही. पेशी औषधात मुरवायची, पाणी काढून राळेत गोठवायची, हिऱ्याच्या सुरीने तिचे साठ-सत्तर नॅनोमीटर जाडीचे काप करायचे आणि युरेनियम, शिसे यांच्या क्षारांनी ते माखायचे. तेव्हा कुठे सावल्या उमटतात. रंग नसतोच. वर्तमानपत्रांत दिसणारे हिरवे-जांभळे विषाणू मागाहून संगणकावर रंगवलेले असतात.

आता गंमत पाहा. काप विषाणूच्या निम्म्या जाडीचा. गाजर आडवे चिरले तर चकती दिसते, उभे चिरले तर शंकू. गाजर कधी न पाहिलेल्या माणसाला फक्त चकत्या दिल्या तर तो काय सांगेल? हे चित्र वाचावे लागते, आणि वाचणाऱ्याकडे सबुरी लागते.

एचआयव्ही रेट्रोव्हायरस या घराण्यातला. घराणे जुने आहे. १९११ साली पेटन राऊस यांना कोंबडीच्या गाठीत त्याचा पुरावा सापडला. १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत कोंबडीच्या कर्कपेशींत असे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपले गेले. पुढे फ्रान्समध्ये विल्हेल्म बर्नहार्ड यांनी नुसत्या रूपावरून त्यांचे ए, बी, सी असे प्रकार पाडले. या घराण्याची खोड १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी उघड केली. पेशीत डीएनएवरून आरएनए लिहिला जातो, हे विषाणू आरएनएवरून डीएनए लिहितात आणि तो आपल्या डीएनएत घुसवतात. आमच्या घरात मराठी डावीकडून आणि उर्दू उजवीकडून वाचली जाते, त्यामुळे उलट्या लिखाणाचे मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते दुसऱ्याच्या वहीत लिहून ठेवण्याचे.

जानेवारी १९८३. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एका रुग्णाच्या मानेतल्या सुजलेल्या गाठीचा तुकडा आला. फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी दर काही दिवसांनी उलटे लिहिणाऱ्या विकराची खूण शोधत होत्या. ती सापडली, पण पेशी मरू लागल्या. त्यांनी रक्तदात्याच्या ताज्या पेशी घातल्या, खूण पुन्हा वाढली. आता प्रत्यक्ष कण दिसायला हवा होता. ते काम शार्ल दोगे यांचे. अंधाऱ्या खोलीत, कापामागून काप पाहत जायचे, आणि बहुतेक कापांत काहीच नसते. ४ फेब्रुवारीला त्यांना पेशीच्या कडेतून उमलणारा कण दिसला. २० मे १९८३ च्या 'सायन्स'मध्ये लेख आला. बारा लेखकांत दोगे यांचे नाव सातवे आहे. २००८ चे नोबेल बारे-सिनुसी आणि ल्युक माँतान्ये यांना मिळाले. मला त्या सातव्या नावाविषयी उगीचच जवळीक वाटते.

त्या चित्राने सगळे सिद्ध झाले, असे मात्र नाही. हाच विषाणू एड्स घडवतो, हे पटायला आणखी पुरावा लागला. चित्रे फसवतातही. १९८४ साली अमेरिकेतील रॉबर्ट गॅलो यांच्या गटाच्या एका लेखात स्वतःच्या विषाणूचे म्हणून चुकून पॅरिसहून आलेल्या विषाणूचे चित्र छापले गेले आणि १९८६ मध्ये ती चूक कबूल करावी लागली.

पण नाकाडोळ्यांवरून घराणे कळते, तसे इथे झाले. या कणाच्या पोटात शंकूच्या आकाराचा गाभा होता. तसाच गाभा मेंढ्यांच्या 'विस्ना' नावाच्या विषाणूत दिसत होता. १९८५ साली रूप आणि जनुके दोन्हींनी ते नाते दाखवले. विस्ना मंद विषाणू. मेंढी वर्षानुवर्षे चालती-फिरती असते आणि आतून पोखरली जात असते. भाईही शेवटच्या वर्षापर्यंत धडधाकट होता. त्याला काही झाले आहे, यावर खालाचा विश्वास बसेना तो त्यामुळेच.

कण पेशीबाहेर पडतो तेव्हा कच्चा असतो, आत नुसती जाड गोल कड. मग विषाणूचे स्वतःचे कात्रीसारखे एक प्रथिन आतल्या लांब साखळ्या तोडते, तुकडे नव्याने जुळतात आणि शंकू तयार होतो. ही कात्री अडकवणाऱ्या पहिल्या औषधाला अमेरिकेत डिसेंबर १९९५ मध्ये मान्यता मिळाली. औषध दिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली कण कच्चेच राहिलेले दिसतात आणि कच्चा कण नवी पेशी बाधित करू शकत नाही. भाई गेला तेव्हा हे औषध जगात होते, आमच्या तालुक्यात नव्हते. भारतात सरकारी मोफत औषधे १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली.

मधल्या काळात पाहण्याची रीत बदलली होती. फ्रीजरमध्ये विसरलेला टोमॅटो बाहेर काढला की लिबलिबीत होतो, कारण बर्फाचे स्फटिक त्याच्या पेशी फोडतात. जाक द्युबोशे यांनी १९८० च्या दशकात पाण्याचा पातळ थर द्रवरूप इथेनमध्ये इतक्या झटकन गोठवला की स्फटिक व्हायला वेळच मिळाला नाही. पाण्याची काच झाली आणि विषाणू आत जसाच्या तसा राहिला. ना राळ, ना युरेनियम. या कामासाठी त्यांना आणखी दोघांबरोबर २०१७ चे नोबेल मिळाले. असा गोठवलेला नमुना कलता करत अनेक चित्रे घ्यायची आणि संगणकाने जोडायची, म्हणजे गाजर न चिरता सर्व बाजूंनी दिसते.

शंकूचे कोडे मला फार आवडते. त्याचे कवच मधमाशांच्या पोळ्यासारखे षटकोनांचे. पण नुसते षटकोन जोडत गेले तर कवच बंद होत नाही. ते मिटवायला बरोबर बारा पंचकोन लागतात. आपल्या फुटबॉलवरही काळे पंचकोन बाराच असतात. फुटबॉलवर ते सारख्या अंतरावर, इथे पाच निमुळत्या टोकाला आणि सात रुंद बुडाशी. ही कल्पना १९९९ मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठातून मांडली गेली. २०१३ मध्ये पिट्सबर्गच्या गटाने तिला अणू-अणूचा नकाशा जोडला, सहा कोटी चाळीस लाख अणूंचा.

पेशीच्या केंद्रकाच्या दारातून हा शंकू जाऊच शकत नाही, तो बाहेरच उकलतो, असे मानले जात होते. २०२१ साली हायडेलबर्गच्या संशोधकांनी त्या दारातच अडकल्यासारखे उभे असलेले अखंड शंकू दाखवले. दार वाटले होते त्यापेक्षा रुंद निघाले.

लेनाकापाविर नावाचे औषध या कवचाच्याच जोडांत पाचरीसारखे बसते. ते एकट्या सूक्ष्मदर्शकामुळे झाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यात स्फटिकांवर क्ष-किरण टाकणाऱ्यांचे आणि रसायनवाल्यांचे श्रम मोठे आहेत. लागण होऊ नये म्हणून ते सहा महिन्यांतून एकदा टोचतात. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीचे निकाल आले. ते घेणाऱ्या २,१३४ स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नव्हती. अमेरिकेत त्याची वर्षाची किंमत अठ्ठावीस हजार डॉलरवर. त्याची स्वस्त आवृत्ती बनवण्याचा परवाना ऑक्टोबर २०२४ मध्ये सहा कंपन्यांना मिळाला, त्यांत पुण्याची एमक्युअरही आहे. हैदराबादच्या दोन कंपन्या २०२७ पासून १२० देशांत ते वर्षाला सुमारे चाळीस डॉलरना देणार असल्याचे सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले.

खाला आता ऐंशीच्या पुढे आहे. ही बातमी मी तिला वाचून दाखवली. तिने आधी विचारले, "वर्षाला दोनच सुया?" मग चष्मा मागितला आणि म्हणाली, "तो फोटो दाखव बघू मला." मी ते जुने काळेपांढरे पान काढून तिच्या हातात दिले.