मूळ चित्रण आणि रचना
(करकंब येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



संगणकावर चलच्चित्रे सजविण्याची विद्या आज आपल्या पंढरपूर तालुक्याच्या खेड्यापाड्यांतही पोहोचली आहे. लग्नाची निमंत्रणे, वारीची दृश्ये, दुकानांच्या जाहिराती आपले तरुण घरबसल्या तयार करितात आणि त्यांतून चार पैसेही मिळवितात. ही विद्या शिकणाऱ्याचा पाय ज्या पहिल्या पायरीवर अडखळतो, तिच्याविषयी आम्ही थोडे बोलणार आहोत. ‘फुटेज’ आणि ‘कॉम्पोझिशन’ यांतील भेद, ही ती पायरी होय. आपण त्यांस मूळ चित्रण आणि रचना म्हणू.

हा भेद संगणकाहून जुना आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. कुंडीत वाटाणा पेरून दिवसामागून दिवस त्याची चित्रे घेतली. एकेक चित्र सुटे पाहिले तर रोप स्थिर. परंतु क्रमाने व वेगाने दाखविताच अंकुर डोळ्यांदेखत वाढू लागला. चित्रे हे मूळ द्रव्य. त्यांचा क्रम आणि वेग ही रचना.

१९९३ साली प्रथम निघालेली ‘आफ्टर इफेक्ट्स’ ही प्रणाली याच तत्त्वावर चालते. फोनवरील चित्रण, छायाचित्र वा ध्वनी तीत आणला, की त्याचे नाव ‘प्रोजेक्ट’ या यादीत येते. हे झाले फुटेज. कॉम्पोझिशन हा नाटकाचा रंगमंच समजावा. मंचाची रुंदी व उंची, खेळाचा अवधी आणि दर सेकंदास किती चित्रे दाखवावयाची, हे आधी ठरते. नंतर यादीतील पात्रे मंचावर येतात. अशा प्रत्येक पात्रास ‘लेयर’, म्हणजे थर म्हणतात. हा थर लहान करावा, फिरवावा, पुसट करावा. मूळ चित्रणास ओरखडाही पडत नाही. म्हणूनच एकच चित्रण दहा रचनांत घेता येते.

नवशिक्याचा घोटाळा पुष्कळदा खिडक्यांमुळे होतो. यादीतील चित्रणावर दोनदा टिचकी मारली, की ते निराळ्या खिडकीत मूळ स्वरूपात उघडते. रचनेत घातलेली अक्षरे तेथे दिसत नाहीत आणि केलेले काम गेले, असे त्यास वाटते. काम कोठेही गेलेले नसते. खिडकीच्या माथ्यावरील नाव वाचावे. दुसरी अडचण मापाची. फोन उभा धरून घेतलेले १०८० रुंद व १९२० उंच असे चित्रण आडव्या मंचावर संपूर्ण मावेल असे बसविले, तर दोन्ही बाजू रिकाम्या राहतात. आरंभी यादीच्या तळाशी असलेल्या नव्या कॉम्पोझिशनच्या बटणावर चित्रण ओढून सोडावे; त्याच मापाचा व अवधीचा मंच आपोआप तयार होतो.

एक पूर्ण रचना दुसऱ्या रचनेत थर म्हणूनही बसते. मंडळाची नामपट्टी एकदा तयार करून एकाच प्रोजेक्टमधील प्रत्येक कार्यक्रमाच्या रचनेत ठेवावी. पुढे पट्टीत पालट केला, तर तो सर्वत्र दिसतो.

आता मुख्य मुद्दा. प्रोजेक्टमध्ये चित्रण साठविलेले नसते. ते कोठे ठेवले आहे, त्याचा केवळ पत्ता असतो. जागा मोकळी करण्यासाठी मूळ फीत पुसली, की पुढच्या वेळी त्या ठिकाणी रंगीत पट्टे दिसतात. तयार झालेला चित्रपट हाती असला, तरी त्यात आपण निवडले तेवढेच उरते. घरच्या आजीने तासभर सांगितलेल्या आठवणींतून अर्धे मिनिट घेतले आणि बाकीचे पुसले, तर उद्याच्या पिढीला ते अर्धे मिनिटच मिळेल. फाळक्यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ आज आपणांस पूर्ण पाहावयास मिळत नाही. हरवलेला भाग कोणत्याही कौशल्याने परत आणता येत नाही. रचना पुन्हा करता येते, मूळ चित्रण पुन्हा मिळत नाही.

यासाठी आमची विनंती अशी : तरुणांनी काम संपताच ‘कलेक्ट फाइल्स’ या आज्ञेने वापरलेले चित्रण व प्रोजेक्ट एकाच ठिकाणी गोळा करावे, न वापरलेले चित्रणही त्यासोबत जपावे आणि या सर्वांच्या दोन प्रती दोन निराळ्या घरी ठेवाव्या. वडीलधाऱ्यांच्या आठवणींच्या मूळ फिती सांभाळण्याचे काम मंडळाने अंगावर घ्यावे.