साडेपाच तासांची बेरीज

सुरतेत लिंबायत-उधन्याच्या आपल्या खानदेशी वस्तीतली काही मुलं आता मागाऐवजी संगणकापुढे बसतात, हिऱ्या-कापडाच्या व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितात. आज त्यांच्याशी बोलायचं आहे.

संगणक वेळ मोजतो ती ग्रीनिच प्रमाणवेळेनुसार १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून सरलेल्या सेकंदांत. तेव्हा सुरतेत पहाटेचे साडेपाच झाले होते. सेकंदांच्या या आकड्याला टाइमस्टॅम्प म्हणतात. त्याला गाव नसतं, तारीखही नसते. ती दोन्ही आपण लावतो. एखाद्या हिऱ्याच्या सौद्याचा टाइमस्टॅम्प १७० कोटी आहे असं धरा. सुरतेत तो १५ नोव्हेंबर २०२३, पहाटे ३ वाजून ४३ मिनिटं. बेल्जियमच्या हिरेबाजारात, अँटवर्पमध्ये, १४ तारीख, रात्री ११ वाजून १३. न्यूयॉर्कला १४ चीच संध्याकाळ, ५ वाजून १३. क्षण एकच, पण सौद्याची तारीख बदलली.

आपल्याकडची सवय अशी, की टाइमस्टॅम्पमध्ये १९,८०० सेकंद, म्हणजे साडेपाच तास, मिळवून मोकळं व्हायचं. भारतात आता घड्याळ पुढेमागे होत नाही, त्यामुळे हे खपतं. अँटवर्प मात्र हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असतं आणि उन्हाळ्यात, घड्याळ तासभर पुढे केल्यावर, साडेतीन. शिवाय अमेरिका घड्याळ पुढे करते मार्चच्या दुसऱ्या रविवारी, युरोप शेवटच्या. मधल्या दिवसांत त्या दोघांमधलं नेहमीचं अंतरही मोडतं. हे कुठल्या पक्क्या आकड्यात बसवणार?

आणि भारतातही ते नेहमी बसत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, आपलं घड्याळ आणखी एक तास पुढे होतं. १९४३ साली सुरतेत सकाळी सातला जन्मलेल्या आजीची वेळ साडेपाच तास वजा करून साठवली, तर ती एक तासाने चुकते.

म्हणून प्रोग्रॅममध्ये अंतर नव्हे, विभागाचं नाव द्या: आपल्यासाठी ‘एशिया/कोलकाता’, अँटवर्पसाठी ‘युरोप/ब्रुसेल्स’. या नावांमागे जगभरच्या बदलांची नोंदवही आहे. पायथॉनमध्ये ‘झोनइन्फो’ तीच वाचतं. घडून गेलेला व्यवहार टाइमस्टॅम्पने साठवा. पुढच्या वर्षी अँटवर्पला सकाळी दहाला ठरलेली भेट मात्र तिथली वेळ आणि विभागाचं नाव अशीच लिहून ठेवा, कारण दरम्यान तिथल्या सरकारने घड्याळाचा नियम बदलला, तरी व्यापारी दुकान उघडणार तिथल्या दहालाच.