भेटी किती झाल्या?
(जामनेर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गरोदरपणातील रक्तदाब हा डॉक्टरांचा विषय. त्यात कार्यकर्त्याचे काय काम, असे आपणांपैकी कोणी विचारील. परंतु हा विकार बहुधा मुकाट्याने वाढतो. विसाव्या आठवड्यानंतर दाब 140/90 वर जातो, लघवीतून प्रथिन जाऊ लागते, आणि बाईला मात्र विशेष काही जाणवत नाही. पुढे झटके येणे, मेंदूत रक्तस्राव होणे, वार वेळेआधी सुटणे, मूल पोटातच दगावणे, असे अनर्थ ओढवतात.

पहिलटकरीण, जुळे असलेली, मागील खेपेस हाच त्रास झालेली, आधीपासून रक्तदाब, मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असलेली, अशा स्त्रियांवर अधिक लक्ष हवे. ज्यांचा धोका मोठा, त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिनची अल्प मात्रा दिल्यास तो घटतो. दाब फार लवकर चढला, डोके असह्य दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत दुखले वा धाप लागली, तर एक दिवसही दवडू नये. मॅग्नेशियम सल्फेट या स्वस्त औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो, हे 33 देशांतील अभ्यासाने 2002 मध्येच सिद्ध केले.

मग अडते कोठे? 2014 ते 2016 या काळात आपल्या सीमाभागातील बेळगाव आणि शेजारच्या बागलकोट जिल्ह्यांत आरोग्य कार्यकर्तींच्या हाती दाबमापक व मोबाइल देऊन घरोघर तपासणीचा प्रयोग झाला. पाकिस्तान व मोझांबिकमध्येही तो झाला. 2020 मध्ये एकत्रित निष्कर्ष प्रसिद्ध झाले: एकंदर मृत्यू व गंभीर आजार घटले नाहीत. मात्र ज्या स्त्रियांना आठ वा अधिक भेटी मिळाल्या, त्यांच्यात मृतजन्म कमी आढळले. नुसते यंत्र पुरत नाही. पुनःपुन्हा भेट हवी, आणि भेटीमागे सज्ज रुग्णालय हवे.

कापूस वेचणीच्या दिवसांत तपासणीला जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची. हा धोका कोणत्याही वैद्यकीय यादीत सापडणार नाही; तो आपणच ओळखला पाहिजे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तालुक्यातील प्रत्येक गावात व तांड्यावर त्या दिवशी कोण गेली, कोण राहिली, याची नोंद ठेवा. उपकेंद्रातील दाबमापक चालू आहे का, औषध शिल्लक आहे का, हे जाऊन पाहा. नसेल तर लेखी मागणी करा आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.