अंगावरून वारं गेलं तर…

पुणे जिल्ह्यात भोर-वेल्ह्याकडं कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं जडावलं की ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात आणि तेल चोळायला बसतात. हे वारं नव्हे. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं तुंबते, नाहीतर फुटते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, उपचार मात्र उलटे. गुठळी विरघळवणारं औषध फुटलेल्या वाहिनीच्या रुग्णाला दिलं तर जिवावरच बेतायचं. म्हणून घरातली ॲस्पिरिनसुद्धा देऊ नका. आधी सीटी स्कॅन. लंडनमध्ये १९७१ साली हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रानं पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूचे काप पडद्यावर दाखवले, आता हा निवाडा काही मिनिटांत होतो.

गुठळी असेल तर साडेचार तासांच्या आत इंजेक्शन देता येतं. मोठ्या वाहिनीतली गुठळी त्याला सहसा दाद देत नाही. मग जांघेतल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात, टोकाची जाळी गुठळीत उघडतात आणि गुठळीसकट ओढून काढतात. कवटीला हात लागत नाही. २०१५पासून ही रीत जगभर रुळली. निवडक रुग्णांना २४ तासांपर्यंत तिचा उपयोग होतो, पण म्हणून निवांत राहू नका. मोठी वाहिनी तुंबली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात.

तास मोजायचे ते माणूस शेवटचा धड दिसला तेव्हापासून. रात्री नऊला झोपलेला पहाटे पाचला लुळा सापडला, तर आठ तास गेलेलेच धरतात. पुण्याला न्यायचं तर वेल्ह्याहून नसरापूर, चेलाडी फाटा, पुढं कात्रज; भोरहून कापूरहोळमार्गे. रस्ता आधीच लांबचा, त्यात देवऋषी आणि सीटी नसलेला दवाखाना अशी वळणं आपणच घालतो. १०८ला फोन लावा आणि सीटीची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यायला सांगा.

आता मणका. भातलावणीत कंबर धरली की ‘गॅप पडलाय’ म्हणत लोक ऑपरेशनला घाबरतात. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत विनाऑपरेशन उतरतं. शीर फारच दबली असेल तर हल्ली जेमतेम सेंटिमीटरभर छेदातून दुर्बिणीनं मणक्यांमधल्या चकतीचा तुकडा काढता येतो. मात्र लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

कड्यावरून किंवा झाडावरून पडलेल्याला झोळीत घालू नका. झोळीत पाठ वाकते आणि मोडलेला मणका मज्जारज्जूत घुसू शकतो. मदत येईपर्यंत शक्यतो हलवूच नका. हलवणं भागच पडलं, तर डोकं, मान, कंबर एका रेषेत धरून तिघाचौघांनी मिळून फळीवर घ्या. फळी नसेल तर घराचं दार काढा.