मागच्या आसनावरचे माणूस

(न्यासाच्या महोत्सवी वर्षानिमित्त छाणी येथील कुटुंबमेळाव्यात झालेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत संस्थेच्या कार्याचा गौरव व्हावा, देणगीदारांचे आभार मानले जावेत, गुणी विद्यार्थ्यांची पाठ थोपटली जावी, हा रिवाज आहे आणि तो योग्यच आहे. ती कामे आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने पार पाडली. आमच्या वाट्याला आलेला विषय मात्र अगदी दाराबाहेरचा आहे. आपण ज्या दुचाक्यांवरून आलात त्या फाटकापाशी ओळीने उभ्या आहेत. त्यांच्याविषयी, आणि विशेषेकरून त्यांच्या मागच्या आसनाविषयी, आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

दुचाकी ही आपल्या घरातली जुनी मंडळी झाली आहे. १९६२ साली खत कारखान्याची कंपनी स्थापन झाली, १९६५ साली कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, आणि बडोद्याच्या या उत्तरेकडच्या बाजूला पाळीवर जाणाऱ्यांची वर्दळ वाढली. आरंभी सायकली होत्या. मग नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागणारी स्कूटर आली, मागाहून लूना आली, आणि १९८५ नंतर थोड्या पेट्रोलात पुष्कळ चालणाऱ्या मोटरसायकली आल्या. ज्यांना शौक होता त्यांच्यासाठी १९५५ पासून मद्रासची बुलेट होती, १९६१ पासून म्हैसूरची जावा होती. आज आपल्या घरांतील तरुण त्याच शौकाने रविवारी पहाटे पावागडला किंवा केवडियाला निघतात. त्या शौकाला आम्ही नावे ठेवणार नाही. यंत्राची निगा राखणे, वाऱ्यावर मोकळे होणे आणि चार मित्र जोडणे यात वाईट ते काय?

उलट आम्हाला या तरुणांचे एक कौतुक वाटते. लांबच्या फेरीला निघताना ते जाड अंगरखा घालतात, हातमोजे चढवतात, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळतात, टायरची हवा तपासतात. पण तोच तरुण सायंकाळी आईला मागे बसवून भाजी आणायला निघतो, तेव्हा हेल्मेट कोठे असते? खुंटीवर. आणि आईसाठी तर घरात दुसरे हेल्मेटच नसते. "इथेच तर जायचे आहे," हे त्यावरचे ठरलेले उत्तर.

हे 'इथेच' म्हणजे कोणते ठिकाण, याचा विचार करू. छाणी जकात नाका घ्या. जकात २००७ साली गेली, नाव राहिले. तिथून गावाकडे आणि पुढे दुमाड चौकडीकडे जाताना आपल्याबरोबर कोण कोण चालते? कारखान्यांचे टँकर, मालमोटारी, बसगाड्या, रिक्षा, ट्रॅक्टर, सायकली आणि रस्त्यातच रवंथ करणाऱ्या गाई. अहमदाबादच्या द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव आहे. वासद, आणंद, नडियादकडे जाणाऱ्या दुचाकीस्वाराने मालमोटारींसमवेत जुन्या महामार्गानेच जायचे. मालमोटारीच्या अगदी डाव्या कुशीला किंवा पाठीला चिकटून चालणारी दुचाकी तिच्या चालकाला आरशात दिसतच नाही. त्यात वळण लांब पडते म्हणून उलट्या बाजूने येणारे वेगळेच. तेव्हा 'इथेच' या शब्दात निर्धास्त होण्याजोगे काही नाही.

आता थोडा हिशेब मांडू. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे शंभरात सुमारे ४४, दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दगावले, आणि त्यांतील १४,३३७ जण वाहन चालवत नव्हते. ते मागे बसलेले होते. त्या १४,३३७ जणांच्या हाती ना हँडल होते, ना ब्रेक, ना वेग. त्यांच्या हाती काही असेल तर ते डोक्यावर काय घालायचे एवढेच. आणि आपल्या घरांतून पुष्कळदा तेही त्यांना कोणी विचारत नाही. आम्हाला जे सांगायचे आहे ते एवढ्यात आले.

ताशी ४० किलोमीटर हा वेग आपल्याला वेगच वाटत नाही. परंतु त्या वेगाने जाऊन भिंतीवर आदळणे हे सुमारे सहा मीटर उंचीवरून, म्हणजे दोन मजल्यांवरून, खाली पडण्यासारखे आहे. वेग ताशी ६० झाला की ती उंची १४ मीटरांवर जाते. शिवाय ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात १६ मीटरांहून अधिक धावते. भ्रमणध्वनीकडे तीन सेकंद नजर गेली, तर ५० मीटरांचा रस्ता आपण आंधळ्यासारखा ओलांडला!

हेल्मेटचे कार्य काय, हेही सांगतो, कारण पुष्कळांना ते नुसते कवच वाटते. बाहेरचे कठीण कवच आघात पसरवते. आतला थर्मोकोलसारखा थर स्वतः चेपतो आणि मेंदूला बसणारा धक्का सौम्य करतो. तो एकदाच चेपतो. म्हणून आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी टाकून द्यावे, आणि पट्टा न लावलेले हेल्मेट म्हणजे टोपीच समजावी. जगभरच्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केल्यावर असे आढळले की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

या विद्येचा उगमही एका अपघातातून झाला. पहिल्या महायुद्धात अरबस्तानात नाव मिळवलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ साली मोटरसायकलवरून पडून डोक्याच्या दुखापतीने वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. त्यांनी पुढे लष्करातील निरोप्या मोटरसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास केला, आणि १९४१ साली ब्रिटिश सैन्यात अशा स्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही हेल्मेट हवे. चार वर्षांवरील मुलांनाही. गुजरातेत ४ डिसेंबर २०१९ रोजी शहरांच्या हद्दीत हेल्मेट ऐच्छिक केल्याचे जाहीर झाले होते. पुढे प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि सक्ती कायम राहिली. पण बंधुभगिनींनो, दंडाच्या भीतीने घातलेले हेल्मेट पोलीस दिसेनासा होताच कोपरावर येते. घरच्या माणसाच्या मायेने घातलेले डोक्यावर राहते.

भगिनींच्या अडचणी आम्ही जाणतो. अंबाडा दबतो, गजरा चुरगळतो, उन्हाळ्यात जीव गुदमरतो. यावर आमचे म्हणणे इतकेच की, गजरा पर्समध्ये घालून न्यावा आणि कार्यस्थळी माळावा. पदर व ओढणी खोचून बसावे. मागच्या चाकावर जाळी असावी, असे नियमातच आहे, ती कोणी हौसेने काढून टाकू नये. मुलाला पेट्रोलच्या टाकीवर बसवून फिरवणे हे लाड नव्हेत.

आता आपल्या गावचे एक खास संकट. उत्तरायणात आकाश पतंगांनी भरते आणि रस्त्यावर मांजा लोंबतो. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉनच्या मांज्यावर बंदी घातली, तरी गळे चिरण्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. हँडलवर बसवायची तारेची कमान थोड्या पैशांत मिळते. गळ्याभोवती जाड रुमाल आणि हळू वेग, इतके पाळले तरी पुष्कळ साधते.

आणि दुसऱ्याचा अपघात दिसला तर? पूर्वी लोक पोलिसांच्या प्रश्नांना भिऊन पुढे निघून जात. ती भीती आता बाळगू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदतकर्त्याला संरक्षण दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते कायद्यात आले. नाव सांगण्याचीही सक्ती नाही. १०८ हा क्रमांक लावावा, जखमीचे हेल्मेट ओढून काढू नये, मान हलवू नये, तोंडात पाणी घालू नये.

शेवटी न्यासापुढे आणि आपणा सर्वांपुढे तीन विनंत्या ठेवतो. पहिली, येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात भगिनींनी जे वाण लुटायचे, त्यात एक वर्ष डबे-वाट्या न देता रात्री चमकणारी पट्टी किंवा गळ्याचा जाड रुमाल द्यावा. दुसरी, न्यासाने उत्तरायणापूर्वी एक रविवार ठरवून सभासदांच्या गाड्यांना तारेच्या कमानी बसवून द्याव्यात. आपले मोटरसायकलशौकीन तरुण हे काम आनंदाने करतील, कारण पाना-पकड त्यांच्या हाती शोभते. तिसरी, लग्नात नवदांपत्याला आहेर करताना भारतीय मानकाची खूण असलेली दोन हेल्मेटे द्यावीत. एक नव्हे, दोन.

आपल्या संस्थेने शिष्यवृत्त्या दिल्या, औषधोपचाराला हातभार लावला. कुटुंबावर संकट आल्यानंतर धावून जाणे हा धर्मादायाचा नेहमीचा मार्ग आहे. संकट दाराशी येण्याआधीच त्याची वाट अडवणे हाही धर्मादायच आहे, आणि त्याला फार द्रव्य लागत नाही. आज घरी निघताना गाडी सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने एकदा मागे वळून पाहावे. मागे बसलेल्या माणसाचे डोके उघडे असेल, तर घरी पोचल्यावर दुसऱ्या हेल्मेटचा विषय काढावा, आणि तोवर गाडी सावकाश चालवावी.