पदाचे सोवळे

श्रोतेहो, आध्यात्मिक नवजीवन हे शब्द कानी पडले, म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे काहीतरी भव्य उभे राहते. मोठा जनसमुदाय, पश्चात्तापाचे अश्रू, एका रात्रीत पालटलेले आयुष्य! असे घडत नाही, असे मी म्हणणार नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ साली प्रार्थनेची अशी एक लाट उसळली होती, आणि तिची वार्ता दूरदूरच्या देशांत पोहोचली होती. परंतु लाट ओसरते, दिवे मालवतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माणसाला आपल्या स्वयंपाकघरात, बाजारात, कचेरीत परत जावेच लागते. तेथे त्या नवेपणाचे काय होते, याविषयी आज थोडे बोलावे असा विचार आहे.

मी मूळचा अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. घराणे ख्रिस्ती. नोकरीच्या निमित्ताने चंडीगडला येऊन राहिलो. येथे उपासना हिंदीत आणि पंजाबीत ऐकतो. पण मन भरून आले, म्हणजे ओठांवर येतात ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांची मराठी भजनेच. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, हे पुष्कळांना ठाऊक असते. मला मात्र त्यांच्याइतकाच, किंबहुना अधिक, विचार करायला लावतो तो त्यांच्या पत्नीचा, लक्ष्मीबाईंचा, प्रवास.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे जणू वेडच लागले होते. घरात येणारी जिन्नस धुऊन घेण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. अशा घरात वाढलेल्या या बाईंवर पतीच्या धर्मांतराचा घाव पडला. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढे नगरला आल्या, तरी आपली चूल आणि आपले पाणी त्यांनी वेगळेच ठेवले. ते कोणी बळाने मोडले नाही. जातिभेद देवाने निर्माण केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्याच मनाशी सोडवला. आणि तो माणसाने केला असे एकदा पटल्यावर, ज्या हातचे पाणी वर्ज्य होते त्या हातचे पाणी त्या प्याल्या. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर घेतला, १९०० साली. म्हणजे आधी पाणी पिणे आणि मग पाण्याचा संस्कार! मला या क्रमाचे फार मोल वाटते. श्रद्धेचे शब्द मुखाने उच्चारण्यापूर्वीच तिची किंमत त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात चुकती केली होती. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात त्यांनी हे सारे इतक्या हसतमुखाने सांगितले आहे, की त्या अंतरंगातील झुंज केवढी मोठी होती हे वाचकाच्या उशिराच ध्यानात येते.

सोवळे काही एकाच धर्माच्या वा एकाच जातीच्या वाट्याला आलेले नाही. आम्हा ख्रिस्ती मंडळींतून जातीची आठवण समूळ पुसली गेली आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. शिवाय सोवळ्याचे प्रकारही अनेक. त्यांतला एक मला माझ्याच अंगावर सापडला. ती गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी येथील मंडळीत साधू सुंदरसिंग यांच्यावर बोलण्याचे मी मान्य केले होते. साधूजी याच पंजाबचे. लुधियानाजवळच्या रामपूर गावी १८८९ साली शीख घराण्यात जन्मलेले. कालक्याच्या पलीकडे डोंगरात सुबाथू म्हणून गाव आहे; तेथील कुष्ठरोग्यांची त्यांनी तरुण वयात सेवा केली. त्या सेवेविषयी काय बोलावे, याची टिपणे मी मोठ्या तन्मयतेने करीत होतो. त्याच आठवड्यात कचेरीतला एक महत्त्वाचा कागद सापडेना. वयाने माझ्याहून वडील असलेल्या एका लिपिकाला मी चारचौघांदेखत नको ते बोललो. ते खाली मान घालून ऐकत राहिले. संध्याकाळी तो कागद माझ्याच खणात, माझ्याच टिपणांच्या खाली निघाला.

आता खरे म्हणजे बाहेर जाऊन दोन शब्द बोलायचे, एवढेच उरले होते. पण पाय उचलेना. अधिकाऱ्याने माफी मागितली तर शिस्त राहील काय, असा एक प्रश्न मी स्वतःला घातला, आणि त्याचे मला हवे तेच उत्तरही देऊन टाकले. रविवारी माझे भाषण झाले. लोकांनी वाखाणले. नंतर दानपात्र फिरत फिरत माझ्यापाशी आले, आणि खिशात घातलेला हात तसाच राहिला. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलेल्या माणसाला जर आठवले, की कोणा भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तेथेच ठेवून त्याने आधी समेट करावा, अशी प्रभूची शिकवण आहे. ती मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ती मला उद्देशून आहे, असे त्या दिवशी प्रथमच वाटले.

सोमवारी मी त्यांच्या मेजापाशी गेलो. ज्यांच्यासमोर बोललो होतो त्यांच्यासमोरच चूक कबूल केली. वाक्य धड जमलेही नाही. ते क्षणभर गप्प राहिले. मग आपला पेला पुढे करून एवढेच म्हणाले, “बसा साहेब. पाणी घ्या.” कचेरीत माझा पेला निराळा असे, कोणी नियम केला नव्हता, पण तो निराळाच असे. त्या दिवशी मी त्यांच्या पेल्यातले पाणी प्यालो, आणि लक्ष्मीबाईंची आठवण झाली. जातीचे सोवळे माझ्या घराण्याने पिढ्यांपूर्वी टाकले होते. पदाचे सोवळे मी रोज सकाळी इस्त्री करून नेसत होतो.

आमच्या शहरात ल कॉर्बुझिए यांच्या कल्पनेतला एक भव्य उघडा हात उभा आहे. ते स्वतः १९६५ साली वारले. हात उभारला गेला तो १९८५ साली. द्यावयास उघडा आणि घ्यावयासही उघडा, असा त्याचा अर्थ सांगतात. पुष्कळ वर्षे मी त्यातला पूर्वार्धच वाचला होता. देणे मला जमत होते. देणारा नेहमी थोडा उंचावर उभा असतो. कोणाकडून क्षमा घेणे, कोणाच्या हातचे पाणी घेणे, हे मात्र मला चाळिशी उलटल्यावर शिकावे लागले.

श्रोतेहो, त्या सोमवारी माझा स्वभाव पालटला, असे समजू नका. पुढल्याच महिन्यात मी पुन्हा एकदा कोणावर तरी रागावलो. फरक इतकाच, की या खेपेस संध्याकाळ होण्यापूर्वी त्याच्यापाशी गेलो. नवजीवन म्हणतात ते बहुधा असेच असावे. घरातले पिण्याचे पाणी आपण रोज सकाळी नवे भरतो. काल भरले होते म्हणून आज चालत नाही. मनाच्या घड्याचेही तसेच आहे.