ओढ आणि बंध



महाराष्ट्रापासून दूर असलेल्या आपल्या शाळेत पालक नेहमी विचारतात, ‘मराठीतून विज्ञान नीट समजेल का?’ उत्तरादाखल नववी-दहावीतील एकच धडा घेते.

बंधातील इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची अणूची क्षमता म्हणजे विद्युतऋणता. लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये तिची मोजपट्टी मांडली. क्लोरीनच्या दोन अणूंची ओढ सारखी, म्हणून इलेक्ट्रॉनांची समान भागीदारी होते. हा सहसंयुज बंध. हायड्रोजन (२.२०) आणि क्लोरीन (३.१६) यांच्यात इलेक्ट्रॉनांची जोडी क्लोरीनकडे झुकते, बंध ध्रुवीय होतो. सोडिअम (०.९३) आणि क्लोरीन यांच्यातील फरक २.२३, येथे इलेक्ट्रॉन जवळजवळ पूर्णपणे क्लोरीनकडे जातो आणि आयनिक बंधाचे मीठ तयार होते.

फरक १.७ हून अधिक असल्यास बंध आयनिक, असे मुले पाठ करतात. परंतु हायड्रोजन फ्लुओराइडमध्ये फरक १.७८ असूनही बंध ध्रुवीय सहसंयुजच असतो. केवळ आकडा पाठ करणारा येथे अडतो. ज्याला ‘ओढ’ समजली, त्याला बंधाचे प्रकार एकमेकांत हळूहळू मिसळतात हेही उमगते. ‘ओढ’ हा शब्द मूल घरूनच घेऊन येते. म्हणून पालकहो, घरातील मराठी जपा. आमचे अर्धे काम तेथेच होते.